ज्याचं गाणं, त्यालाच ऐकवा

मुलांनो, आज तुम्हांला दोन गोष्टी सांगणार आहे. एक आहे सातासमुद्रापलीकडची, अमेरिकेतली. दुसरी माझी स्वतःची. माझ्या गोष्टीत मी थोडीशी वाईट वागले आहे. पण तुम्हांला सांगितलं तर मन हलकं होईल, आणि कदाचित तुम्ही माझ्यासारखं करणार नाही.

आधी माझ्या गोष्टीची सुरुवात. मी चौथीत होते, १९९८ साली. आमच्या शाळेत एक गुरुजी होते. ते पाढे, नद्यांची नावं, महिने, सगळं गाण्यातून शिकवायचे. सतराचा पाढा कित्ती अवघड! पण जात्यावरच्या ओवीच्या चालीत तो आम्ही असा म्हणायचो, की ‘सतरा चोक अडुसष्ट’ला माना आपोआप डोलायच्या. त्यांनी स्वतः रचलेलं एक झाडांचं गाणंही होतं. आमच्या गावातल्या तीन झाडांवर त्यात तीन कडवी होती. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझ्या बाबांनी टेपरेकॉर्डर नेऊन गुरुजींची ती सगळी गाणी एका कॅसेटवर भरून घेतली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे चौकोनी दात असतात. ते मोडले, की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. बाबांनी ते मुद्दाम मोडून टाकले होते.

ती कॅसेट लक्षात ठेवा हं. तिच्याकडे परत यायचं आहे.

आता दुसरी गोष्ट. २०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेले होते. माझा मामेभाऊ गिटार वाजवतो. त्याच्या खोलीत परदेशी गाण्यांच्या सीडींचा ढीग असतो. मी म्हटलं, “काय रे, त्या धांगडधिंग्यात तुला काय कळतं?” तर तो हसून म्हणाला, “ताई, हे ऐक. ही तर श्रद्धांजली आहे.”

मला नवलच वाटलं. श्रद्धांजली म्हटलं, की माझ्या डोळ्यांपुढे फोटो, हार, उदबत्ती आणि दोन मिनिटांची शांतता येते. गोंगाटाची श्रद्धांजली कशी असेल?

त्या सीडीचं नाव होतं ‘फोकवेज : अ व्हिजन शेअर्ड’. ती १९८८ साली निघाली. वुडी गथ्री आणि लेडबेली या दोन अमेरिकन लोकगायकांच्या स्मरणार्थ. अशा संग्रहाला तिकडे ‘ट्रिब्यूट अल्बम’ म्हणतात. एखादा गायक-गीतकार हे जग सोडून गेला, की बाकीचे गायक एकत्र येतात आणि त्याचं एकेक गाणं आपापल्या आवाजात म्हणतात. या अल्बममधले बरेच गायक ‘रूट्स रॉक’ या प्रकारात मोडणारे. रूट्स म्हणजे मुळं. ज्या रॉक संगीताची मुळं लोकगीतांत, शेतमजुरांच्या आणि कष्टकऱ्यांच्या गाण्यांत रुजलेली आहेत, ते रूट्स रॉक. गिटार विजेची असते, पण गोष्ट मातीची.

हे दोघे कोण होते, ते थोडक्यात सांगते.

वुडी गथ्री १९१२ साली ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा या गावी जन्मला. १९३० नंतर तिकडे भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नाही, नांगरून मोकळी झालेली माती, आणि वर सोसाट्याचा वारा. धुळीची अशी वादळं यायची, की भरदिवसा अंधार व्हायचा. शेतं गेली, घरं गेली. हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांवर गाठोडी बांधून पश्चिमेला कॅलिफोर्नियाकडे निघाली. आपल्याकडेही दुष्काळात माणसं घरदार सोडून जगायला बाहेर पडतात ना, अगदी तसंच. वुडीही त्या लोंढ्यात होता. त्यानं या माणसांवर गाणी केली.

त्यांतलं एक गाणं मला फार आवडलं. ‘डो रे मी’ त्याचं नाव. डो रे मी म्हणजे त्यांचं सा रे ग. पण गंमत अशी, की त्यांच्या बोलीत ‘डो’ म्हणजे पैसासुद्धा! १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन, खिशात पैसे नसलेल्या गरिबांना परत पाठवायला सुरुवात केली होती. वुडी हसत हसत सांगतो, की बाबांनो, ते सा रे ग खिशात नसेल तर इकडे येऊ नका. ऐकताना आधी हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. अल्बममध्ये हे गाणं जॉन मेलनकॅम्पनं म्हटलं आहे.

दुसरा लेडबेली. खरं नाव हडी लेडबेटर. लुइझियाना राज्यातला कृष्णवर्णीय माणूस. साध्या गिटारला सहा तारा असतात, हा बारा तारांची गिटार वाजवायचा. आयुष्य खडतर. मारामाऱ्यांपायी अनेक वर्षं तुरुंगात काढली. तो काही संत नव्हता, हे मी लपवणार नाही. पण १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा तरुण मुलगा ॲलन हे लोकगीतं गोळा करत तुरुंगात पोचले, तेव्हा त्यांना कळलं, की या कैद्याच्या डोक्यात गाण्यांचं अख्खं कोठार भरलं आहे.

पुढं सुटल्यावर तो वॉशिंग्टनला गेला. तिथं तो काळा म्हणून त्याला आणि त्याच्या बायकोला राहायला जागा मिळेना. देशाच्या राजधानीत! त्यानं भांडण केलं नाही, गाणं केलं. ‘बूर्ज्वा ब्लूज’. अल्बममध्ये ते म्हणणाऱ्या गायकाचं नाव ऐकाल तर हसाल : ताजमहाल! हा अमेरिकन गायकच बरं का. गांधीजी, भारत आणि माणसामाणसांतला समभाव यांची स्वप्नं पडायची, त्यांतून त्यानं हे टोपणनाव घेतलं.

लेडबेली १९४९ च्या डिसेंबरात वारला. त्याचं सगळ्यांत लाडकं गाणं होतं ‘गुडनाइट आयरीन’. तो गेल्यावर काही महिन्यांतच, १९५० साली, ‘वीव्हर्स’ नावाच्या गायकांच्या मंडळीनं ते म्हटलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं गाणं झालं. घराघरांत ते वाजत होतं. ऐकायला फक्त तोच नव्हता.

आता विचाराल, ‘फोकवेज’ काय भानगड आहे? ती एक रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी होती. न्यू यॉर्कमध्ये मोझेस ॲश नावाच्या गृहस्थांनी मॅरियन डिस्लर या आपल्या सहकारी बाईंबरोबर १९४८ साली ती सुरू केली. वुडी आणि लेडबेलीची गाणी त्यांनी भरून ठेवली होतीच. पण जगातलं जे जे कानाला ऐकू येतं, ते ते जपायचं, असा त्यांचा ध्यास होता. निरनिराळ्या देशांची लोकगीतं, भाषणं, कविता, वाफेच्या इंजिनांचे आवाज. आणि हो, बेडकांचे आवाजसुद्धा! १९५८ साली त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या बेडकांची एक आख्खी रेकॉर्ड काढली. माझ्या वर्गात हे सांगितलं, तेव्हा मुलांनी लगेच पावसाळ्यातली डराँव डराँव करून दाखवली.

पण बेडकांची रेकॉर्ड विकत कोण घेणार? दुसऱ्या कंपन्या खप नसलेली रेकॉर्ड बंद करून टाकत. ॲशसाहेबांनी तसं करायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की एखादं अक्षर कमी वापरलं जातं म्हणून ते कुणी शब्दकोशातून काढून टाकतं का? मला हे फारच पटलं. आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यातले ‘ङ’ आणि ‘ञ’ तुम्ही वर्षातून कितीदा लिहिता? मग ते पुसून टाकायचे? अहो, मग ‘वाङ्मय’ कसं लिहाल!

१९८६ साली ॲश वारले. दोन हजारांहून जास्त रेकॉर्डी होत्या. त्यांचं काय होणार? तेव्हा वॉशिंग्टनची ‘स्मिथसोनियन’ ही नामांकित संग्रहालय-संस्था पुढं आली. १९८७ साली तिनं हा सगळा संग्रह ताब्यात घेतला. अट एकच : एकही रेकॉर्ड कधी बंद करायची नाही. बेडकांचीसुद्धा! या कामाला पैसा हवा होता. म्हणून मोठमोठे गायक एकत्र आले आणि त्यांनी वुडी-लेडबेलीची गाणी म्हणून हा अल्बम काढला. पुढच्या वर्षी त्याला लोकसंगीताचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

पाहा बरं, ही श्रद्धांजली किती शहाणी! नुसता हार घातला नाही. गेलेल्या माणसांची खरी गाणी ज्या घरात ठेवली होती, ते घरच वाचवलं. अल्बमच्या जोडीला मूळ गाण्यांचाही एक संग्रह निघाला, वुडी आणि लेडबेलीच्या स्वतःच्या आवाजातला. म्हणजे नवं ऐका आणि मूळही ऐका.

त्या रात्री मी आणि भाऊ बराच वेळ ऐकत बसलो. इंग्रजी शब्द सगळे कळत नव्हते, पण एक गोष्ट लक्षात आली. कुणीही वुडीची किंवा लेडबेलीची नक्कल केली नव्हती. लिटल रिचर्डनं लेडबेलीच्या आगगाडीच्या गाण्याचा पार धमाल दंगा करून टाकला होता. ‘स्वीट हनी इन द रॉक’ या बायकांच्या गटाचं गाणं म्हणजे गळे हीच वाद्यं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा आवाज गिरणीतून आलेल्या माणसासारखा. वुडीचा मुलगा आर्लो यानंही आपल्या वडिलांचं गाणं म्हटलं आहे. मी त्याला विचारलं, “अरे, मूळ चाल बिघडवली, तर ती श्रद्धांजली कशी?” भाऊ म्हणाला, “ताई, जशीच्या तशी म्हणायची तर मूळ रेकॉर्ड आहेच की. दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यातून काढलं, की ते जिवंत आहे असं कळतं.”

शेवटच्या गाण्याला तर मी उठूनच बसले. त्यात लहान मुलांचे आवाज होते! ते वुडीचं सगळ्यांत गाजलेलं गाणं, ‘दिस लँड इज युअर लँड’. हा देश तुझाही आहे आणि माझाही, असं सांगणारं, १९४० साली लिहिलेलं. ते म्हणताहेत वुडीचे जुने मित्र पीट सीगर, डॉक वॉटसन, स्वीट हनी इन द रॉकच्या गायिका आणि ‘लिटल रेड स्कूल हाऊस’ या न्यू यॉर्कच्या शाळेतली मुलं. या गाण्यात उपाशी माणसांवरचं एक कडवं आहे, ते अमेरिकेतल्या शाळांतून पुष्कळदा गाळलं जायचं. आणि हे पीट सीगर म्हणजे कोण, माहीत आहे? आपण शाळेत ‘हम होंगे कामयाब’ म्हणतो ना, ते ज्या मूळ इंग्रजी गाण्यावरून आलं, ते जगभर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे तुम्ही त्यांच्या नात्यातलेच की!

मग भावानं मला एक हकिगत सांगितली. वुडीला हंटिंग्टनचा आजार झाला होता. या आजारात हातपाय मनासारखे चालेनासे होतात, बोलणं अवघड होतं. ज्या बोटांनी गिटार वाजवली, ती थरथरायला लागली. दहा वर्षांहून जास्त काळ तो रुग्णालयांत होता. १९६१ साली एकोणीस वर्षांचा एक पोरगा त्याला शोधत न्यू जर्सीतल्या रुग्णालयात आला. त्याच्या जवळ बसून त्यानं गिटारवर गाणी म्हटली. कुणाची? वुडीचीच! त्या पोराचं नाव बॉब डिलन. पुढं २०१६ साली त्याला साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. १९८८ च्या अल्बममध्ये तो आहेच. पण वुडी १९६७ साली वारला होता. मला वाटलं, डिलनची खरी श्रद्धांजली ती रुग्णालयातली. कारण ती ऐकायला वुडी होता.

आणि मुलांनो, तेव्हा मला गुरुजी आठवले.

आता त्या कॅसेटबद्दल सांगते. आठवीत असताना मला रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घ्यायची होती. कोरी कॅसेट नव्हती. घरात गुरुजींची कॅसेट होती. दात मोडलेले होते, पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की परत रेकॉर्ड होतं, हे मला एका मैत्रिणीकडून कळलं होतं. मी पट्टी लावली. लाल बटण दाबलं. साठ मिनिटांत सगळं पुसलं गेलं. कुणालाच कळलं नाही. बाबांना मी “फीत गुंतून तुटली” असं खोटं सांगितलं.

पुढं मी डी.एड. झाले, शिक्षिका झाले, आणि योगायोगानं माझी बदली माझ्याच गावच्या शाळेत झाली. गुरुजी निवृत्त होऊन जवळच्याच वाडीत राहत होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, बोलता येत नव्हतं. भेटायला जायची मला लाज वाटायची. कॅसेटची आठवण मध्ये यायची.

पुण्याहून परतताना एस.टी.त मी ठरवलं, की जायचंच. त्यांच्या खाटेजवळ बसून झाडांचं गाणं म्हणायचं. त्यांना म्हणता येत नाही तर काय झालं, ऐकू तर येतं! मग वाटलं, दिवाळीनंतर जाऊ. मग संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ. मग परीक्षा आल्या, निकाल आले. “शाळा सुरू झाली की पहिल्याच रविवारी,” असं मी मनाशी म्हटलं. २०२२ च्या जून महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधीच, गुरुजी गेले. वाडी आमच्या गावापासून फक्त चार किलोमीटर आहे.

शाळेत शोकसभा ठरली. फोटो आला, हार आला. मी मुख्याध्यापकांना विचारलं, “सर, भाषणांऐवजी गुरुजींची गाणी म्हटली तर?” ते म्हणाले, “येतात कुणाला?” खरंच, कुणाला येत होती? कॅसेट तर मी पुसलेली. मग मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत सुटले. मला झाडांच्या गाण्याचं चिंचेचं कडवं येत होतं. माझ्या पुढच्या तुकडीतला एकजण एस.टी.त वाहक आहे, त्याला नदीकाठच्या वडाचं कडवं येत होतं. पण दोन ओळी त्यानं स्वतःच्याच मनानं जोडलेल्या! एकीनं ते बाळाला झोपवताना म्हणून म्हणून अंगाईच्या चालीवर नेलं होतं. कुणी म्हणे शब्द ‘गार’ होता, कुणी म्हणे ‘फार’. आम्ही सगळे भांडलोसुद्धा.

तिसरं कडवं मात्र कुणालाच येईना.

शोकसभेच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात तालीम करत होतो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “बाई, बाभळीचं राहिलं की.” आणि त्यांनी ते कडवं सगळंच्या सगळं म्हटलं. शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, आणि सावली राखणाऱ्याला. मी विचारलं, “मावशी, तुम्ही आपल्या शाळेत होता?” त्या म्हणाल्या, “मला कुठं साळंत घातलं? शेळ्या राखायचे मी, कुंपणापल्याड. गुरुजी खिडकीशी उभं राहून म्हणायचे. मला वाटायचं, ते माझ्यासाठीच म्हणत्यात.”

दुसऱ्या दिवशी बाभळीचं कडवं मावशींनीच म्हटलं. वाहकानं स्वतःच्या जोडलेल्या ओळींसकट वड म्हटला. पहिलीच्या मुलांनी बाकांवर ताल धरला. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, समोर बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना कॅसेटचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “झाडांचं गाणं त्यांना ऐकायला आवडलं असतं गं.” एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ती सगळी गाणी आम्ही वहीत उतरवली आहेत आणि मोबाइलमध्येही भरून ठेवली आहेत, तीन ठिकाणी. ‘गार’ आणि ‘फार’ दोन्ही ठेवले आहेत. वाहकाच्या ओळीही ठेवल्या आहेत, पण त्या त्याच्या आहेत असं बाजूला लिहिलं आहे.

तर मुलांनो, आता तुमचं काम. तुमच्या घरात आजी असेल, शेजारी कुणी आजोबा असतील, शाळेत कुणी बाई, गुरुजी, मावशी असतील. त्यांचं एक गाणं शिकून घ्या. ओवी असेल, भलरी असेल, आरती असेल, नाहीतर बैलांना हाकताना काढलेली नुसती लकेर असेल. वहीत लिहा, आवाज भरून ठेवा, आणि चिकटपट्टी लावून पुसू नका! मग तुमच्या गळ्यातून ते म्हणून दाखवा. आवाज चिरका निघाला तरी चालेल.

आणि हे सगळं येत्या रविवारी करा. पुढच्या नाही, येत्या.